साखरझोपेची वेळ

सोहार बंदरावर पहाटे चारला भोंगा होतो.
तळमजल्यावर मी आणि एक यंत्र जागे असतो.
वर स्ट्रोकचा वॉर्ड.
तिथून रक्त खाली येतं,
माणसं येत नाहीत.
या वेळेला आई साखरझोप म्हणायची.
मला आता हा शब्दही तपासून घ्यावासा वाटतो.

सोमवारी दोन नळ्या आल्या, लागोपाठ.
होफ्लांड, चोपन्न, बंदरावर इंजिनिअर.
मोतालेब, एक्केचाळीस, परांच्या बांधणारा.
लेबलवर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो.
यंत्र तो वाचत नाही.

नऊ पूर्णांक चार.
नऊ पूर्णांक चार.

मी मोतालेबची नळी पुन्हा लावली,
चूक असेल म्हणून.
त्याचीच का, हे मला बऱ्याच वेळाने खटकलं.

साखर तांबड्या पेशीला चिकटते
ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही.
तीन महिन्यांची उधारी त्या आकड्यात असते.
म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट:
खांद्यावर तापलेले लोखंडी पाइप,
कॅम्पातल्या पातेल्यातला पांढरा भात,
दिवसाला पाच करक, दुपारी थंडगार गोड डबा
कारण पाण्याच्या टाकीतून वाफ येते.
होफ्लांडच्या जूनबद्दल मला काही माहीत नाही.

दोघांनाही हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
दोघांचाही उजवा हात गेला.
इथवर बरोबरी.

होफ्लांडकडे सकाळी आहारतज्ज्ञ गेली.
इन्सुलिनचं पेन कसं धरायचं
ते त्याच्या बायकोला दोनदा दाखवलं.
डोळ्यांची तारीख, पायांची तारीख,
ग्लुकोमीटर, चेनच्या छोट्या पाऊचमध्ये.
मोतालेबच्या फाइलवर:
पक्षाघात. रक्तदाब.
विमानप्रवासास योग्य. गुरुवार.
साखरेचं अक्षर नाही.

मी वर गेलो. ते माझं काम नव्हतं.
डॉक्टर नबील वाईट माणूस नाही,
रात्रपाळीला स्वतःच्या डब्यातल्या खजुरा वाटतो.
म्हणाला, सुरू करीन मी. पुढे चालवणार कोण?
विमा तातडीपुरता. भाषा आपल्याला येत नाही,
आणि आता त्याची जीभ त्यालाही येत नाही.
मी मान हलवली.
होफ्लांडसाठी हा प्रश्न कुणी काढला होता का,
हे मला जिन्यात सुचलं.
जिन्यात कुणीच नव्हतं.

आमच्याकडे बातमी आणणाऱ्याला म्हणतात,
तुझ्या तोंडात साखर पडो.

कँटीनच्या शफिउलला वर बोलावलं.
त्याने ट्रे खाटेवर टेकवला, पावतीच्या पाठीवर
बंगालीत लिहिलं: तुला साखर आहे.
गावी पोचल्यावर आधी डॉक्टर, मग पाहुणे.
हा आकडा दाखव.
आकडा बघून मी दचकलो, चारच्या जागी
इंग्रजी आठ होता.
आमचा चार असाच असतो, शफिउल म्हणाला.
त्यांचा नऊ मला जवळजवळ वाचता आला.

मोतालेबने कागद उलटा धरला, मग सुलटा.
शर्टाचा खिसा डावीकडे.
डावा हात डाव्या खिशात नीट जात नाही.
तीनदा प्रयत्न केला.
मी पुढे झालो तर त्याने मान फिरवली;
चौथ्यांदा गेला.
मग बाहेरून थोपटला, एकदाच.

गुरुवार गेला.
तो कागद आहे की धुण्यात गेला, कळायला मार्ग नाही.

आज पहाटे शफिउल चहा घेऊन आला.
साखर कमी, मी म्हणालो.
तिसऱ्या चमच्याशी त्याचा हात थांबला,
पण दोन पडलेच होते.

नवी नळी आली.
लेबल वाचायचं नाही असं ठरवलं होतं.
वाचलं.